अकरावीत गणित सोडावे का? माळशिरस तालुक्यातील एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपल्या कन्येला दहावीत ८७ टक्के गुण मिळाले असून गणितात ९१ आणि विज्ञानात ८४ आहेत. घरी थोडा ऊस आणि आपल्या यजमानांचे गावातले दूध संकलन केंद्र, एवढेच उत्पन्नाचे साधन आहे. जाऊबाईंचा मुलगा लातूरला राहून दुसऱ्या प्रयत्नात एमबीबीएसला लागला, म्हणून मुलीलाही तिकडेच पाठवावे, तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरता प्रवेश ठेवावा आणि गणित सोडून केवळ जीवशास्त्र घ्यावे, असे घरात जवळजवळ ठरले आहे. शिकवणी आणि वसतिगृह मिळून वर्षाला दोन लाखांच्या पुढे खर्च जाईल, आणि त्यासाठी सोने गहाण ठेवण्याची आपली तयारी आहे. मुलीला विचारले, तर ती “तुम्ही म्हणाल ते” एवढेच म्हणते. हा निर्णय योग्य आहे का, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगते. गणित सोडू नये, आणि या वर्षी तिला लातूरला पाठवू नये. डॉक्टर होण्याचा मार्ग बंद करा, असे मी म्हणत नाही; तो उघडाच ठेवावा, परंतु त्यासाठी बाकीचे सगळे मार्ग आजच बंद करण्याची गरज नाही.

आपण पत्रात काहीशा तक्रारीच्या सुरात लिहिले आहे की, मुलगी सकाळी अभ्यास सोडून वडिलांबरोबर संकलन केंद्रावर उभी असते, फॅट मशीन तीच लावते, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री तीच वाचते, आणि मागच्या एप्रिलमध्ये जुन्या पावत्या काढून “उन्हाळ्यात सगळ्यांचाच एसएनएफ (म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) का उतरतो” असे तिने वडिलांना विचारले. वडील म्हणाले, “उन्हाळ्यात असेच असते.” तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे तिने गावात येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठून पुन्हा तेच विचारले. संपूर्ण पत्रात मला हाच मजकूर सर्वांत मोलाचा वाटला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना “तुला काय व्हायचे आहे” असे विचारले की बहुतेक जण गप्प बसतात किंवा घरच्यांना आवडेल ते सांगतात. कोणी न सांगता ती कशात रमतात, हे पाहिले तर त्याहून बरेच अधिक कळते.

तिच्या त्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. उष्णतेचा ताण आला की गाय कोरडा चारा कमी खाते, हिरवा चाराही तुटपुंजा असतो आणि त्याचा परिणाम दुधातल्या घटकांवर होतो. ही झाली जनावराच्या शरीराची बाजू, म्हणजे पशुवैद्यकाची. तेच दूध पुढे चिलिंग सेंटरवर कसे तपासावे, किती वेळात थंड करावे, कमी एसएनएफच्या दुधापासून कोणता पदार्थ करणे परवडते, ही झाली दुग्धतंत्रज्ञानाची बाजू. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा दराचा आधार आपल्या घरी सर्वांना पाठ असेल. त्या आकड्यांमागचे शास्त्र हा एका पूर्ण पदवीचा विषय आहे, हे मात्र घरात कोणाच्या बोलण्यात आलेले दिसत नाही.

आता या दोन बाजूंचे प्रवेश कसे होतात, ते पाहू. पशुवैद्यकाची पदवी एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची असून तिला बारावीत जीवशास्त्र आणि नीट या वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरील परीक्षेचे गुण लागतात. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर आदी ठिकाणी आहेत. दुग्धतंत्रज्ञानाची बी.टेक. पदवी चार वर्षांची आहे, तिची महाविद्यालये याच विद्यापीठाच्या अखत्यारीत उदगीर आणि पुसदजवळच्या वरूड येथे आहेत, आणि तिला मात्र गणित आणि राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएचटी-सीईटी, लागते. ज्या मुलीला या दोन्हींची ओढ असू शकते, तिचे गणित जून महिन्यातच काढून घेणे म्हणजे अर्धी निवड तिच्या नकळत करून टाकणे होय. उदगीर हे लातूर जिल्ह्यातच आहे. तिने लातूरकडे जायचेच असेल, तर ते दोन वर्षांनी, हक्काच्या जागेवर जावे, असे मला वाटते.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चार विषयांचा भार पेलेल का, ही आपली शंका रास्त आहे, पण तिचा हिशेब नीट मांडावा. विज्ञान शाखेत इंग्रजी, एक भाषा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे विषय घेतल्यावर आणखी दोन विषय घ्यावे लागतात. गणित सोडणारा विद्यार्थी जीवशास्त्राच्या जोडीला भूगोल किंवा तत्सम विषय घेतो. म्हणजे विषयांची संख्या सहाच राहते, फक्त एक कठीण विषय जाऊन तुलनेने सोपा येतो. वाचतो तो वेळ आपण समजतो तेवढा नसतो. शिवाय जिला दहावीत गणितात ९१ गुण आहेत, तिच्यासाठी तो विषय भार नसून आधार ठरण्याचा संभव अधिक, कारण अकरावीच्या भौतिकशास्त्रातले सदिश आणि गतीचे प्रकरण गणिताच्या सवयीवाचून पुढे सरकत नाही, आणि नीट देणाऱ्या मुलांचे गुण बहुधा भौतिकशास्त्रातच अडकतात.

नीटविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. दरवर्षी वीस लाखांहून अधिक विद्यार्थी ही परीक्षा देतात आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, त्यांतल्या सरकारी साधारण निम्म्या. एकूण १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, अशी तिची रचना आहे. “नीट उत्तीर्ण झाला” आणि “एमबीबीएसला लागला” या दोन निराळ्या गोष्टी आहेत, कारण पात्र ठरणाऱ्यांची संख्या जागांच्या अनेक पट असते. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो झळकतात, त्यांच्याच वर्गात बसलेल्या बाकीच्या मुलांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही फ्लेक्सवर लिहिलेले नसते. जाऊबाईंच्या मुलाचे यश खरेच आहे, पण त्याने दोन प्रयत्न केले आणि दुसऱ्या वर्षाचा खर्च त्या घराने सोसला, ही बाब आपल्या हिशेबात धरलेली मला दिसली नाही.

लातूरला माझा विरोध नाही. लातूर पॅटर्नचे नाव झाले, ते मुळात नियमित तास आणि पुन्हा पुन्हा घेतल्या जाणाऱ्या सराव परीक्षांमुळे. नावापुरता प्रवेश एका ठिकाणी आणि मुलगी दुसऱ्या ठिकाणी, या पद्धतीत नेमके तेच हरवते. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता प्रत्येक शास्त्र विषयाचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे म्हणून मिळाले, तरी टायट्रेशन हाताने केलेले नसते. आणि दुग्धतंत्रज्ञान असो की पशुवैद्यक, दोन्हींच्या पहिल्याच वर्षी ते उघडे पडते. तालुक्याच्या महाविद्यालयात रोज एसटीने जाता येते, असे आपण लिहिले आहे. तेथे प्रयोगशाळा खरोखर चालते का आणि गणिताचे पद रिकामे तर नाही ना, हे यजमानांनी स्वतः जाऊन पाहावे. गेल्या वर्षीच्या बारावीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारले, तर कार्यालयापेक्षा खरी माहिती मिळेल.

अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, अशी जी समजूत आपल्याकडे आहे, तिला घरात थारा देऊ नये. एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भारांश असतो, तर नीटला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. सीईटीत गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा आहे आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तिच्यासारख्या मुलीला हे सोयीचे आहे. दिवाळीपर्यंत रोजचा अभ्यास रोज, विशेषतः रसायनशास्त्रातली मोल संकल्पना आणि गणितातली त्रिकोणमिती पक्की, एवढे झाले तरी पुरे. दिवाळीनंतर दोन्ही परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले फक्त अकरावीचे प्रश्न तिला वेळ लावून सोडवू द्यावेत. अकरावीची परीक्षा संपली की तिचे गुण आणि तिचा कल, दोन्ही समोर ठेवून मुख्य परीक्षा कोणती ते ठरवावे. तेव्हा नीटच ठरली, तर उन्हाळ्यापासून चांगली शिकवणी लावण्यास माझी हरकत नाही; खर्च होईल तो एका वर्षाचा, आणि मुलीचा कल पाहून झालेला.

या काळात तिला काम प्रत्यक्ष पाहू द्यावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सुटीतले काही दिवस सकाळी बसू द्यावे. अडलेली गाय सोडवताना डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत जातो, अंगावर शेण-रक्त उडते, आणि तरीही कधी वासरू हाती लागत नाही. हे पाहून तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटले, तर ती खूण समजावी. त्याचप्रमाणे यजमानांचे दूध ज्या चिलिंग सेंटरला जाते, तेथील प्रयोगशाळेत केमिस्ट भेसळीच्या चाचण्या कशा करतात आणि निळ्या रंगाचे द्रावण घालून दूध किती वेळ टिकेल याचा अंदाज कसा घेतात, ते तिने पाहावे. यासाठी ओळख आपल्या घरातच आहे.

डिप्लोमा का नको, असेही आपण विचारले आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हा मार्ग उत्तम आहे, पण यंत्रांकडे ओढा असलेल्यांसाठी. आपल्या मुलीचे पशुवैद्यक त्यात कायमचे सुटेल.

कागदपत्रांविषयी मात्र विलंब नको. आपण इतर मागासवर्गातले आहात आणि मुलीकडे जातीचा दाखला आहे. जात वैधता प्रमाणपत्र अद्याप नाही. त्याचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीची नोंद असलेला पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी आताच शोधाव्यात. मुलीच्या सख्ख्या चुलत्यांपैकी कोणाला वैधता मिळालेली असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. दाखल्यांवर आडनावात किंवा आजोबांच्या नावात फरक असेल, तर तो दुरुस्त करण्यातच महिने जातात. नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे ते प्रवेशाच्या वर्षी चालू असेल याची काळजी घ्यावी.

पैशाबद्दल एक दिलाशाची बाब आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्गासह काही प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केली आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ती मिळत नाही. सोने गहाण ठेवायचेच असेल, तर ते वसतिगृहाच्या आणि जेवणाच्या खर्चासाठी, आणि तेही पदवीच्या वेळी ठेवावे.

अकरावीचा प्रवेश आता संपूर्ण राज्यात ऑनलाइन आहे. पसंतीक्रम भरताना तालुक्याचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकण्यापूर्वी ते नक्की करावे, कारण पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. विषय निवडताना गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतल्याची खात्री मुलीने स्वतः करावी.

लातूरच्या शिकवणीत नोंदणीचे दहा हजार रुपये भरल्याचे आपण शेवटी लिहिले आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थ्याने मध्येच शिकवणी सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे म्हटले आहे. आपल्या मुलीचे वर्ग तर सुरूही झालेले नाहीत. पावतीची प्रत जोडून परताव्याचा लेखी अर्ज याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.