'लिकफेर्द' पहिल्यांदा ऐकताय? मग एवढंच करा

मेलोडिक ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा किंचाळता, काळोखा प्रकार, पण चालींवर भर देणारा) आणि तेही शोकाचं ऐकायचं असेल, तर 'विंडिर' या नॉर्वेच्या बँडच्या या अल्बमपासून सुरुवात केलीत ते बरंच झालं.

पहिली चूक बहुतेक सगळे करतात (मीही केली होती): 'लिकफेर्द' म्हणजे अंत्ययात्रा, म्हणून हा अल्बम बँडचा संस्थापक आणि गायक वाल्फार याच्या मृत्यूवर केलाय असं समजतात. तसं नाही. अल्बम आला 2003 मध्ये. वाल्फार, नॉर्वेतल्या सोग्नदालचा हा पोरगा, जानेवारी 2004 मध्ये कुटुंबाच्या डोंगरातल्या केबिनकडे चालत निघाला आणि हिमवादळात दगावला. वय अवघं 25. म्हणजे ते नाव आपल्याला आता टोचतं, तेव्हा त्यात हे काही नव्हतं.

ऐकताना:
- मोबाईलचा स्पीकर नको. सगळा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो. साधे हेडफोन पुरतात.
- किंचाळण्याकडे लक्ष देऊ नका, गिटारची चाल धरा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तीच तुम्ही गुणगुणू लागाल.
- शफल बंद. सलग ऐका.
- बोल लगेच शोधू नका. विंडिरची बरीच गाणी सोग्न या त्यांच्या भागाच्या नॉर्वेजियन बोलीत आहेत, अर्थ नंतर बघता येईल.

ट्युनिंग, उपप्रकार, कोण खरं 'ब्लॅक' यावरचे वाद सध्या राहू द्या. पहिल्यांदा कंटाळा आलाच, तर आठवडाभराने रात्री दिवे मालवून पुन्हा लावा.