स्वस्त क्रेडिट्स कुठे चालतात, कुठे नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी ईमेल मार्चमध्येच आली होती, पण १५ एप्रिलच्या आधी टॅक्सच्या ऑफिसातल्या माणसाकडून उत्तराची वाट पाहायची नसते, हे तुला आता कळलं असेल. आता एक्स्टेन्शन्सही (मुदतवाढीचे अर्ज) पाठवून झाल्या आहेत. टेबलाचा लाकडी भाग दिसायला लागलाय. म्हणून सविस्तर लिहिते.

तू विचारलंयस की पुण्याचं बी.कॉम. आणि एम.कॉम. धरून सीपीए (सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट) लायसन्ससाठी किती क्रेडिट्स, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासाची मोजमापं, कमी पडतील, आणि ती सगळी महिन्याला शंभरेक डॉलर घेणाऱ्या ऑनलाइन साइटवरून भरून काढता येतील का. पहिल्याचं उत्तर परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्यांकडून येईल, माझ्या अंदाजावर जाऊ नकोस. दुसऱ्याचं उत्तर असं की काही नक्की करता येतील, सगळी नाही.

आधी एक गोष्ट पक्की कर. परीक्षेला बसायची अट वेगळी आणि लायसन्सची अट वेगळी. न्यू जर्सी धरून बऱ्याच राज्यांत १२० सेमिस्टर क्रेडिट्स आणि पदवी यांवर परीक्षेला बसू देतात, १५० लागतात ती नेहमीच्या मार्गाने लायसन्स मागताना. म्हणजे परीक्षेचे चार पेपर देता देता उरलेली क्रेडिट्स जमवता येतात. तीन पेपर सक्तीचे, चौथा तिनातून निवडायचा, प्रत्येकाला ७५ लागतात. हा साचा जानेवारी २०२४ पासूनचा. तुझ्या मैत्रिणीने जुन्या नोट्स दिल्या असतील तर वर्ष बघून घे.

आता लायसन्स देणारं मंडळ निवडायचं. अमेरिकेत सीपीएचं लायसन्स केंद्र सरकार देत नाही. राज्यं, वॉशिंग्टन डी.सी. आणि पोर्तो रिको, ग्वामसारखे प्रदेश मिळून ५५ मंडळं आहेत, आणि क्रेडिट कशाला म्हणायचं हे प्रत्येकाचं स्वतःचं आहे. राहतेस तिथलंच मंडळ घ्यायला हवं असं सगळीकडे बंधन नाही. तू एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहेस आणि वर्क परमिट अजून आलेलं नाही, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. काही मंडळं त्याशिवाय अर्ज पुढे नेत नाहीत, काही सवलत देतात. पैसे भरण्याआधी हा एक प्रश्न विचार. काही मंडळं यादीतून आपोआप गळतील.

मंडळ ठरलं की त्यांना चालणाऱ्या संस्थेकडूनच पदव्यांचं मूल्यांकन करून घे. राज्यांच्या मंडळांची राष्ट्रीय संघटना म्हणजे नॅसबा, तिची स्वतःची मूल्यांकन सेवा आहे, आणि काही मंडळांना तीच लागते. इमिग्रेशनसाठी किंवा नोकरीसाठी करून घेतलेलं मूल्यांकन इथे चालेलच असं नाही. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा, काढायला घरच्या कुणाला तरी पाठव आणि त्याच फेरीत अभ्यासक्रमाच्या प्रतीही मागवून घे. 'कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग' किंवा 'ऑडिटिंग अँड टॅक्सेशन' या नावाखाली आपण नेमकं काय शिकलो हे इथल्या माणसाला नुसत्या नावावरून कळत नाही.

तीन वर्षांच्या बी.कॉम.चा घोळ इथेच होतो. वर्षाला ३० या हिशेबाने ते साधारण ९० क्रेडिट्सचं धरतात. ते अमेरिकन चार वर्षांच्या पदवीला समकक्ष मानायचं की नाही, यावर मूल्यांकन संस्थांचं एकमत नाही. कुणी कॉलेजची नॅक श्रेणी आणि फर्स्ट क्लास बघतं, कुणी बघत नाही. तुझ्या एम.कॉम.मुळे क्रेडिट्सचा आकडाही वाढेल आणि समकक्षतेची बाजूही बळकट होईल. नुसतं बी.कॉम. असलेल्या मुलामुलींचं गणित वेगळं असतं. त्यांनी ३० क्रेडिट्स जमवण्याच्या मागे न लागता सरळ अमेरिकन पदवी पुरी करण्याचा विचार करावा, असं माझं मत आहे. आपल्या ट्रेंटनमधलं थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी हे प्रौढ विद्यार्थ्यांसाठी १९७२ पासून चालू असलेलं सरकारी विद्यापीठ. इकडून तिकडून जमवलेली क्रेडिट्स, परदेशी मूल्यांकनासकट, एका पदवीत बसवण्यासाठीच ते ओळखलं जातं. न्यू यॉर्कचं एक्सेल्सियर आणि कनेक्टिकटचं चार्टर ओक ही त्याच जातीची.

मूल्यांकन हातात आलं की कागदावर तीन रकाने पाड: अकाउंटिंग, बिझनेस, बाकीचं काहीही. बऱ्याच मंडळांना पहिल्या दोनांत प्रत्येकी २४ च्या आसपास लागतात. तिसऱ्या रकान्यात विषयाची सक्ती जवळजवळ नसते, फक्त बेरीज १५० वर जायला हवी. स्वस्त क्रेडिट्सचं घर हा तिसरा रकाना, आणि थोडाफार दुसरा.

या क्रेडिट्सचं तंत्र समजून घे, कारण फसगत इथेच होते. सोफिया, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन ही कॉलेजं नाहीत. त्यांचे कोर्स अमेरिकन काउन्सिल ऑन एज्युकेशन, म्हणजे एसीई, तपासते आणि अमुक कोर्स तीन क्रेडिट्सच्या योग्यतेचा आहे अशी शिफारस करते. ही शिफारस म्हणजे क्रेडिट नव्हे. मान्यताप्राप्त कॉलेजने ती स्वीकारून स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर घेतली की मग तिचं क्रेडिट होतं. मंडळाकडे थेट सोफियाचा कागद पाठवलास तर बहुतेक ठिकाणी तो बाजूला ठेवला जाईल. म्हणून कोर्स सुरू करण्याआधी दोन होकार हवेत: कॉलेजचा, की आम्ही हे ट्रान्सक्रिप्टवर घेऊ, आणि मंडळाचा, की अशा मार्गाने आलेलं आम्ही मोजू. दोन्ही ईमेलवर घे. फोनवरची गोड बाई दोन वर्षांनी त्या खुर्चीवर नसते. शिवाय पदवीला प्रवेश न घेता नुसती अशी क्रेडिट्स नोंदवून देणारी कॉलेजं थोडी आहेत, आणि त्याचं वेगळं शुल्क असतं. तेही हिशेबात धर.

त्यातल्या त्यात मला क्लेप सगळ्यात आवडतं: कोर्स न करता नुसती परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायचं. कॉलेज बोर्डाची ही परीक्षा १९६७ पासून चालू आहे, त्यामुळे कॉलेजांच्या ओळखीची आहे. बहुतेक विषयांचा पेपर साधारण दीड तासाचा, गुण २० ते ८० मधले, ५० मिळाले की एसीईच्या मते पास. शुल्क शंभर डॉलरच्या आत, वर केंद्राचं थोडं. मॉडर्न स्टेट्स नावाची एक ना-नफा संस्था आहे. तिच्या साइटवर क्लेपच्या विषयांचा फुकट कोर्स पुरा केला की ती परीक्षेचं शुल्क भरणारं व्हाउचर देते. म्हणजे ठरवलंस तर हे क्रेडिट जवळजवळ फुकटात पडतं. कॉलेज कंपोझिशन, नॅचरल सायन्सेस अशा काही परीक्षांना एसीई ३ नाही, ६ क्रेडिट्स सुचवते. नापास झालीस तर तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं, एवढंच.

विषय निवडताना मात्र बी.कॉम.ची गुणपत्रिका शेजारी ठेव. एकदा मोजलेल्या विषयाचं क्रेडिट दुसऱ्यांदा मिळत नाही. क्लेपचं फायनान्शियल अकाउंटिंग तू झोपेत पास होशील, आणि ते तुझ्या एफ.वाय.च्या पेपरावर आपटून शून्य होईल. मायक्रोइकॉनॉमिक्सचंही बहुधा तेच. त्यापेक्षा आपण कॉमर्सवाल्यांनी कधी तोंड न पाहिलेले विषय घे: मानसशास्त्र, समाजशास्त्र, अमेरिकन गव्हर्नमेंट, अमेरिकेचा इतिहास, जीवशास्त्र. तिथे पुनरावृत्तीचा प्रश्नच येत नाही. भाषांमध्ये क्लेपकडे फक्त स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन आहेत. पण तुझं हिंदी चांगलं आहे, आणि एसीटीएफएल या भाषाशिक्षकांच्या अमेरिकन संघटनेच्या तोंडी परीक्षेत हिंदी आहे. ती परीक्षाही एसीईने तपासलेली आहे. कॉलेज घेत असेल तर लहानपणापासूनच्या दूरदर्शनची वसुली होईल.

बिझनेसच्या रकान्यात भोक असेल तर बिझनेस लॉ, मॅनेजमेंट, मार्केटिंग, इन्फर्मेशन सिस्टिम्स हे क्लेप किंवा सोफियावरून भागू शकतं. यात बिझनेस लॉ तर मी घ्यायलाच सांगेन. आपण 'बिझनेस रेग्युलेटरी फ्रेमवर्क' शिकलो ते १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर, इथे परीक्षेत वेगळा कायदा येतो.

अकाउंटिंगच्या रकान्यात मात्र काटकसर करू नकोस. एक कारण मंडळाचं: वरच्या पातळीच्या अकाउंटिंगसाठी परीक्षेने किंवा साइटवरून मिळवलेली क्रेडिट्स ते घेतील असं गृहीतच धरू नये. बऱ्याच ठिकाणी प्राथमिक अकाउंटिंग या २४ मध्ये मोजतही नाहीत, त्याच्या पुढचं हवं असतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुला एफएआर (फायनान्शियल अकाउंटिंग अँड रिपोर्टिंग) नावाचा सक्तीचा पेपर द्यायचाय, आणि तो भारतात शिकलेल्या अकाउंटिंगला जागोजागी ठेच लावतो. आपल्याकडे साठ्याच्या मूल्यांकनात लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणं) चालत नाही, इथे चालतं. आपल्याकडे जमीन-इमारतीचं पुनर्मूल्यांकन करून आकडा वर नेता येतो, इथे येत नाही. सरकारी आणि ना-नफा संस्थांचं अकाउंटिंग तर आपण शिकलेलोच नसतो, आणि एफएआरमध्ये ते असतं. फेडरल इन्कम टॅक्सबद्दल बोलायलाच नको. आपल्या आयकराच्या पेपराचा इथल्या १०४० फॉर्मशी, म्हणजे वैयक्तिक आयकर विवरणपत्राशी, संबंध नाही.

म्हणून इंटरमीजिएट अकाउंटिंग, ऑडिटिंग, फेडरल टॅक्स यांतलं जे कमी असेल ते खऱ्या कॉलेजात, शिक्षकासमोर कर. महाग पडतं असं नाही. एडिसन गावातलं मिडलसेक्स कॉलेज तुझ्या घराजवळ आहे. काउंटीच्या रहिवाशांना तिथे कमी दर लागतो, आणि क्रेडिट थेट त्यांच्या ट्रान्सक्रिप्टवर येतं, मध्ये कुणाची शिफारस लागत नाही. एच-४ वर शिकायला मनाई नाही. फक्त तुला रहिवासी धरतात का हे प्रवेश कार्यालयात विचार. तुझ्या नणंदेला कॅलिफोर्नियात तर रहिवासी दराने कम्युनिटी कॉलेजचं युनिट ४६ डॉलरला पडतं. पण तिच्या शेजारची डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची आहेत, म्हणजे तिथली दीड युनिटं मिळून सेमिस्टरचं एक होतं. तिला हे सांग, ती आकडे सरळ बेरजेत मांडून बसेल.

हजारो डॉलर भरून मास्टर्स करावं का, असंही तू शेवटी घाबरत विचारलंयस. नुसती क्रेडिट्स हवी असतील तर नाही. पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाऊन, पदवी घेऊन, त्यानंतरच्या ओपीटीवर (पदवीनंतर मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) नोकरी करायची असेल, तर मास्टर्समध्ये तू कामाच्या परवानगीचे पैसे भरत असतेस. तो वेगळा सौदा आहे, आणि वाईट नाही. ऑनलाइन साइटच्या क्रेडिट्सनी व्हिसा मिळत नाही आणि टिकतही नाही.

आणखी एक बदल चालू आहे. ओहायोने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला की १ जानेवारी २०२६ पासून पदवी, परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव यांवरही लायसन्स मिळेल, १५० ची सक्ती नाही. त्यामागून बरीच राज्यं त्याच वाटेने गेली. पण तो मार्ग नीट वाच. त्यात पदवी लागते, म्हणजे समकक्षतेचा प्रश्न तसाच उभा. आणि जास्तीचं वर्ष नोकरीत काढावं लागतं. ज्याच्याकडे आज नोकरी आहे त्याला ते वर्ष तसंही जाणारच, त्याने क्रेडिट्सच्या मागे कशाला लागावं? तुझं उलट आहे. परमिट येईपर्यंत अनुभव जमणार नाही, क्रेडिट्स मात्र घरी बसून जमतील. परमिट आलं की एका वर्षाच्या अनुभवावर तू मोकळी होशील.

पुण्याच्या तुझ्या वर्गमित्राला क्लासवाले परीक्षा आणि तीस क्रेडिट्सचं एकत्र पॅकेज विकतायत म्हणालीस. त्याला तीन प्रश्न विचारायला सांग: ट्रान्सक्रिप्टवर कुठल्या कॉलेजचं नाव येणार, त्या कॉलेजला कुणाची मान्यता आहे, आणि कुठल्या राज्याच्या मंडळाने ते मोजलंय. उत्तरात 'सगळीकडे चालतं' असं आलं तर उठून यायचं. परीक्षेसाठी त्याला विमानाचं तिकीट काढायची गरज नाही, २०२० पासून ती भारतात देता येते, मुंबईतही केंद्र आहे.

या आठवड्यात विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचं काम मार्गी लाव, सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. तोवर मॉडर्न स्टेट्सवर मानसशास्त्र सुरू कर, ते फुकट आहे आणि तुझ्या आधीच्या विषयांवर आपटणार नाही. बाकी कशाचेही पैसे आत्ता भरू नकोस. मूल्यांकन आलं की मला पाठव, रविवारी दुपारी तू, मी आणि गुणपत्रिका असे तिघं बसू.

तुझी,
काकू