बरणीतलं जठर

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. पॉट व्हायव्हात, म्हणजे बरणीतला अवयव दाखवून घेतात त्या तोंडी परीक्षेत, जठराच्या बरणीला 'अल्सर' (व्रण) म्हणालीस आणि 'कशावरून?' विचारल्यावर गप्प बसलीस. फायनलच्या आधी झालं हे बरंच. मी तर बरण्यांचे नंबर पाठ करून गेलो होतो. परीक्षेच्या सकाळी नंबर बदलले, आणि मी कॅन्सरसमोर उभा राहून साध्या व्रणाचं वर्णन घडाघडा म्हणून आलो.

उद्या म्युझियममध्ये गेलीस की आधी भोकाकडे पाहू नकोस, भोवतालच्या अस्तराच्या घड्या बघ. जुन्या साध्या अल्सरचा तळ तंतुमय होऊन आकसतो, म्हणून बटव्याची नाडी ओढल्यावर पडतात तशा चुण्या थेट कडेपर्यंत येऊन भिडतात. कड पंचिंग मशीननं पाडल्यासारखी सरळ. तळ स्वच्छ, कारण आम्ल आणि पेप्सिन हा पाचकरस तिथली घाण पचवून टाकतात. कॅन्सरमध्ये कड फुगलेली, बाहेर वळलेली, आणि घड्या अलीकडेच जाड होऊन थांबतात. तरी नुसत्या डोळ्यांनी निकाल देऊ नकोस. कडेचा चौकोनी तुकडा गायब दिसला, तर तो सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडसाठी घेतलेला असतो.

रंगावर मात्र अजिबात विसंबू नकोस. अवयव टिकवायचं फॉर्मॅलिन रंग खातं, मग अल्कोहोलनं तो थोडाफार परत आणतात. बरणीतला गुलाबी जिवंतपणीचा नव्हे.

आणखी एक फसगत. मृत्यूनंतर जठर स्वतःलाच पचवतं, हे जॉन हंटर या ब्रिटिश सर्जननं 1772 सालीच लिहून ठेवलंय. भिंत मऊ, चिंध्यांसारखी, भोवती सूज नाही की व्रणाची खूण नाही, तर तो आजारच नव्हे.

जुन्या कार्डावर कारण म्हणून 'ताण, तिखट' दिसलं तर हसून पुढे जा. बऱ्याच अल्सरांमागे असलेल्या हेलिकोबॅक्टर या जंतूची वाढ प्रयोगशाळेत झाली 1982 मध्ये. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं 1984 मध्ये ते जंतू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. (हा प्रयोग मात्र वाचण्यापुरताच ठेव.) डोळ्यांना ते बरणीत कधीच दिसले नसते.

आपल्या त्या बरणीत व्रण लेसर कर्व्हेचरवर, म्हणजे जठराच्या आखूड वळणाच्या कडेवर आहे. टॉर्च मागून धर. तळाशी टाचणीच्या डोक्याएवढं काळं तोंड दिसेल, ती खाल्ली गेलेली धमनी. रोगी बहुधा रक्ताच्या उलट्यांनी गेला असावा. माझ्या लक्षात ते तोंड यायला तीन वर्षं लागली.

तुझा,
सर