'व्हॉट यू आर डूइंग?' यात चुकतं कुठं?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी वाचून कळतं, पण प्रश्न विचारायची वेळ आली की 'व्हॉट यू आर डूइंग', 'व्हेअर यू वेन्ट' असं तोंडातून निघतं, आणि पुण्याच्या मुलाखतीत त्यावरून हसू झालं. मीही परभणीकडचाच. नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो, त्यामुळं ही वाक्यं रोज ऐकतो.

शब्द बरोबर आहेत, जागा चुकतेय. 'तू पुस्तक वाचायलास' यातलं पुस्तक उचललं, तिथंच 'काय' ठेवलं, की आपला प्रश्न तयार: 'तू काय वाचायलास?' बाकी कुणी हलत नाही. इंग्रजीत दोघं हलतात. 'यू आर रीडिंग अ बुक' मधल्या पुस्तकाचा 'व्हॉट' होऊन पार पुढं जातो, आणि 'आर' सुद्धा 'यू'ला ओलांडून 'व्हॉट'च्या मागं जाऊन उभा राहतो: 'व्हॉट आर यू रीडिंग?' तुम्ही पहिल्याला हलवता, दुसऱ्याला विसरता. हलवायला 'आर'सारखा कुणी नसेलच, तर 'डू', 'डझ', 'डिड' उसनं आणायचं. 'डिड'नं भूतकाळ स्वतःकडं घेतला की क्रियापद मोकळं, म्हणून 'व्हेअर डिड यू गो?'

एवढं शिकवलं की पोरं सगळीकडं 'डिड' पेरतात. एका मुलीनं फळ्यावर लिहिलं, 'हू डिड ब्रेक द विंडो?' मी विचारलं, काच फोडणारा कोण? म्हणाली, 'तेच तर विचारायलेय सर!' उत्तर बरोबरच होतं तिचं, वाक्य तेवढं चुकलं. इथं 'हू' हाच कर्ता, तो आधीच पुढं बसलाय, मग कशाला कुणाला हलवायचं? 'हू ब्रोक द विंडो?' झालं.

आपला खरा घोळ 'का'चा. 'येतोस का?' आणि 'का येतोस?' यात शब्द तेच, पण एकाला हो-नाही हवं, दुसऱ्याला कारण. पोरं दोन्हीकडं 'व्हाय' ठोकतात. यावर माझा उपाय गावरान आहे: 'का'च्या जागी 'कामून', म्हणजे आपल्याकडचं 'कशामुळं', घालून बघा. 'जेवायला येतोस का?' मध्ये कामून घातलं तर भांडण होईल, म्हणजे तिथं 'व्हाय' नाही. नुसतं 'आर' पुढं आणा, 'आर यू कमिंग?' कामून शोभलं तर बिनधास्त 'व्हाय'. शहरात ज्या शब्दावरून मला चिडवायचे, तोच आता वर्गात कामाला येतो.

तसं बघितलं तर इंग्रजीतले हे प्रश्नाचे शब्द आपल्या शब्दांचे लांबचे नातेवाईकच. फार जुन्या काळी या सगळ्यांच्या सुरुवातीला 'क्व'सारखा एकच आवाज होता. लॅटिनमध्ये तो 'क्विस' असा टिकला, संस्कृतात 'कः', 'किम्' झाला, इंग्रजीकडं जाता जाता 'ह्व' झाला. म्हणून आपल्याकडं कोण, काय, कधी, कुठं सगळे 'क'चे, आणि त्यांच्याकडं बहुतेक सगळे डब्ल्यू-एचचे.

एका बाबतीत मात्र आपण श्रीमंत. 'कितवा'ला इंग्रजीत सरळ शब्दच नाही. वेरूळला 34 लेणी, त्यातलं कैलास कितवं? सोळावं. हे इंग्रजीत विचारायला 'व्हॉट इज द नंबर ऑफ द कैलास केव्ह?' असा वळसा घ्यावा लागतो.

त्याच वेरूळला कॉलेजात असताना मी एका परदेशी आजीबाईंना विचारलं होतं, 'व्हाय यू केम हिअर?' त्या जरा मागंच सरकल्या. जागा तर चुकलीच होती, पण 'व्हाय डिड यू कम हिअर?' म्हणालो असतो तरी तो जाबच वाटला असता. आपण पाहुण्याला 'का आलात?' म्हणतो का? 'कसं काय येणं केलं?' म्हणतो. तेही 'व्हाय' टाळून 'व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?' म्हणतात.

आणखी एक, आडून विचारताना आतल्या प्रश्नात ही दुसरी हलवाहलव करायची नाही: 'डू यू नो व्हेअर द ऑफिस इज?' इथं 'इज' शेवटीच.

पुढच्या मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणाले तर गप्प बसू नका. 'व्हेन विल आय हिअर फ्रॉम यू?' एवढं पाठ करून जा. 'विल' आधी, 'आय' नंतर.