उशीर झाला तरच पाकीट फोडा

प्रिय ताई,
वय 54. परवाना काढून, हंगामात, एकट्याने शिकारीला जायची माझी तीस वर्षांची सवय. गेल्या महिन्यात जखमी हरणाचा माग काढत पलीकडच्या खोऱ्यात उतरलो. फोनची बॅटरी संपली. सहाला येतो म्हणालो होतो, पोचलो रात्री दहाला. बायको दारातच उभी होती. काही न बोलता आत गेली आणि पुढचे दोन दिवस धड बोललीच नाही. मुलीने माझ्या फोनवर लोकेशन चालू करून टाकलं. मी काय लहान मूल आहे? शिवाय माझी बसायची जागा मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. एकाला कळली की दहांना कळते. काय करू?
— एकटा शिकारी

दादा,
तुमचं पत्र वाचताना मी त्या दारापाशीच अडकले. माझा धाकटा भाऊ एकदा डोंगरातून परतायला पाच तास उशीर झाला होता. त्या रात्री मी काय करत होते सांगू? फोन हातात धरून बसले होते, कारण कुणाला करायचा तेच ठाऊक नव्हतं. तो कुठल्या बाजूने वर गेला हेही सांगता आलं नसतं. भीती होतीच, पण त्याहून जास्त छळत होतं ते हे, की आत्ता आरडाओरडा करावा की अजून तासभर थांबावं. तुमच्या बायकोने ते चार तास असेच काढले असणार.

मुलीने जे केलं ते मायेपोटी केलं, पण तेवढ्यावर विसंबू नका. फोनला स्वतःची जागा उपग्रहांवरून कळते, त्याला नेटवर्क लागत नाही. ती घरी कळवायला मात्र लागतं. तुम्ही खोऱ्यात उतरलात की घरच्या पडद्यावरचा ठिपका जिथे होता तिथेच थिजतो. बघणाऱ्याला वाटतं, माणूस तिथेच बसलाय. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन तर जास्तीत जास्त 8 तास चालतं. पहाटे चारला सुरू केलंत तर दुपारी बाराला बंद. म्हणून लोकेशन असू द्या, पण खरा आधार कागदाचा ठेवा.

तुमची जागा गुप्त राहावी हे मला पटतं. जपलेली जागा सहजासहजी कुणी सांगत नाही. तर ती कागदावर लिहा, पाकिटात घाला आणि पाकीट चिकटवून बायकोच्या हाती द्या. गाडी कुठे लावणार, तिचा नंबर, मचाण कुठे, वारा फिरला तर दुसरी जागा कोणती, अंगात काय घातलंय, कुठली औषधं चालू आहेत, सगळं त्यात. फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत लिहिलेत तर शोधणारा दहा-अकरा मीटरच्या आत पोचतो. नुसतं ‘ओढ्याच्या वरच्या अंगाला’ लिहून भागत नाही, ओढा मैलभर लांब असतो. वेळेत परतलात की पाकीट न फोडता परत घ्या.

आणि वेळा दोन ठरवा. एक घरी यायची, दुसरी पाकीट फोडायची. समजा सहा आणि आठ. सहा ते आठ काळजी करायची नाही, आठ वाजले की विचार करत बसायचं नाही. पाकीट फोडायचं आणि बचाव यंत्रणेला फोन लावायचा. तो नंबर पाकिटावरच लिहा. माणूस 24 तास बेपत्ता असल्याशिवाय कुणी दखल घेत नाही, हा समज डोक्यातून काढून टाका. भिजलेला, मुरगळलेल्या पायाचा माणूस थंडीत रात्रभर तग धरेलच असं नाही. नंतर तुम्ही धडधाकट उगवलात तर फोन करून यंत्रणेला कळवता येतं. त्यात लाज कसली? आणि आठ वाजता फोन केला म्हणून बायकोवर चिडायचं नाही, हा शब्द तिला आधीच द्या.

त्या दिवशी खरी गफलत झाली ती खोरं ओलांडताना. जखमी जनावर सोडून द्यायचं नाही, हा तुमचा धर्म मला कळतो. पण मागे फिरायची वेळही ठरलेली हवी. शेवटचं रक्त दिसलं तिथे झाडाला रंगीत फीत बांधा आणि उजाडल्यावर सोबतीला कुणी घेऊन पुन्हा जा. पुढे जायचंच असेल तर धारेवरून उतरण्याआधी घरी साधा एसएमएस टाका. फोन लागत नाही अशा ठिकाणीही तो कधीकधी निसटून जातो. नेटवर्क शोधत राहिला की फोन लवकर मरतो, थंडीत तर आणखी लवकर. त्यामुळे नेटवर्क नसेल तिथे एअरप्लेन मोडवर, आतल्या खिशात.

तुम्ही एकटे जाता, म्हणून मी तरी आपत्कालीन बीकन घ्याच म्हणेन. पीएलबी म्हणतात त्याला. बटण दाबलं की 406 मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसॅट या उपग्रह यंत्रणेला संदेश जातो, निदान 24 तास जात राहतो, आणि त्याला महिन्याचं भाडं नसतं. मात्र नोंदणी करा आणि नोंदणीत बायकोचा नंबर द्या. ‘येतोय, उशीर होईल’ एवढं कळवायला उपग्रहावरून निरोप पाठवणारं गार्मिन इनरीचसारखं यंत्र लागतं, त्याला मासिक शुल्क पडतं. काही देशांत उपग्रह यंत्रं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, तेवढं आधी पाहा. आणि बीकन अंगावर हवं. पडल्यावर पिशवी मचाणावर राहिली तर काय उपयोग?

पडण्यावरून आठवलं. मचाणावर चढताना पहिल्या पायरीपासून सुरक्षेचा पट्टा अडकवलेला हवा. बंदूक रिकामी करून मागून दोरीने वर ओढा. नारिंगी जॅकेटला सावज बुजेल म्हणून ते टाळत असाल तर तसं करू नका. हरणाला नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र तुम्ही लांबून दिसता. शिट्टी गळ्यात ठेवा. तीनदा फुंकणं ही मदतीची खूण. आवाज बसला तरी शिट्टी वाजते.

हे सगळं तिघांनी मिळून ठरवा. पण त्याआधी बायकोपाशी बसा आणि त्या चार तासांत तिने काय काय केलं, ते विचारा. पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. तुम्ही विचारलंच नसावं.

— तुमची ताई