इतकी वर्षं शिकून हाती काय आलं?

"मॅडम, पैशांबद्दल बोलायची मला लाजच वाटते," एवढं म्हणून ती गप्प झाली. वय 32, पदव्युत्तर शिक्षण संपवून नुकतीच नोकरीला लागलेली डॉक्टर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळेत तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण इंजिनिअर होऊन 22 व्या वर्षी कमवायला लागली. आज तिचं स्वतःचं घर आहे, हिच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. "मी काही तिच्यापेक्षा कमी हुशार नव्हते. मग माझी 10 वर्षं गेली कुठे?"

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या डॉक्टरांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. त्यावर त्यांना बहुतेकदा 'तुमचा पेशा म्हणजे सेवा' असं सुनावलं जातं, ते मला मनापासून खटकतं. सेवा करणाऱ्यानं कष्टाचं मोल मागू नये, हा कुठला न्याय? ज्या कामाचं शिक्षण लांबलचक आणि खर्चिक, ज्याच्यावर विश्वासानं जीव सोपवावा लागतो, त्याला मोबदला जास्त मिळतो आणि त्यामागे कारण आहे, हे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथनं 1776 मध्येच मांडलं होतं. तिची अपेक्षा हावरटपणाची नव्हती, हे मी तिला आधी सांगितलं.

मग कागद घेतला. ती या महिन्याचा पगार या महिन्याच्या पगाराशी ताडून पाहत होती. मी तिला साठीपर्यंतच्या एकूण कमाईच्या दोन रेघा काढायला लावल्या: मैत्रिणीची 22 पासून, तिची 32 पासून आणि तीही कर्जाच्या खड्ड्यातून वर येणारी. तिच्याच अंदाजानं तिची रेघ पंचेचाळिशीच्या सुमारास पुढे जात होती. ती जरा सैलावली. तेव्हा मी आठवड्याचे तास लिहायला सांगितले. तिचे 70, मैत्रिणीचे 45. तासांनी भागल्यावर रेघा कितीतरी उशिरा भेटल्या आणि तिचा चेहरा उतरला. मला ते दिसत होतं, तरी खोटा दिलासा देणं मला पटत नाही.

"मैत्रिणीच्या बरोबरीनं इंजिनिअर झालेले बाकीचे काय करतात?" मी विचारलं. एकाची नोकरी गेली होती, दुसऱ्याचा पगार हिच्याहून कमी. हे तिला ठाऊक होतं, पण हिशेबात धरलं नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी 1996 मध्ये मांडलेला विचार मला अशा वेळी फार उपयोगी पडतो. कष्ट आणि परतावा यांचा मेळ बसला नाही की तब्येत ढासळण्याचा धोका वाढतो. पण परतावा म्हणजे नुसता पैसा नव्हे, मान आणि नोकरीतली शाश्वती-बढतीही त्यात येते. या तीन गोष्टींपैकी काय सर्वांत बोचतं, असं विचारल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सलग दोन रात्री जागल्यावर सरांनी वॉर्डात सगळ्यांसमोर विचारलं, एवढंही जमत नाही का?" आणि रडू लागली.

तो अपमान पगाराच्या आकड्यात जाऊन बसला होता. पण म्हणून पगाराचा प्रश्न खोटा ठरत नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. रात्रपाळीचा वेगळा मोबदला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी, या दोन मागण्या तिनं माझ्यासमोरच लिहून काढल्या.

महिन्याभरानं आली तेव्हा सुट्टी लेखी मंजूर झाली होती. मोबदल्याचं 'तीन महिन्यांनी बघू' असं उत्तर मिळालं होतं. ती तारीख तिनं डायरीत लिहून ठेवली आहे.