नव्याच्या दिवसांत आजीकडे जाताना

अनेक आशीर्वाद.

‘आजीकडे जायचं तर आहे, पण दोन दिवस बोलायचं काय?’ असं तू विचारलंस. कोकणात संगमेश्वराकडच्या घरी जायचं असताना ऐन ऑक्टोबरात हा प्रश्न पडावा याचं मला हसूच आलं. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात आत्ता कापणीला आलेलं असणार. बोलायला तिला तरी वेळ कुठे आहे?

आधी तिकिटाचं. तुतारी एक्सप्रेस दादरहून सुटते ती मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. मी एकदा शुक्रवारचं काढून फलाटावर शहाण्यासारखा उभा होतो. माझी गाडी आदल्या रात्रीच गेलेली. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा ने, भाताची पात घासली की रात्रभर खाज सुटते. आणि पायात बूट हवेतच. बांधाच्या दगडांत, कापून ठेवलेल्या भाताखाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप असतो, आणि तो चटकन दिसत नाही.

आता बोलण्याचं. तुझ्या वयाचा असताना मी माझ्या आजीला पडवीत बसवलं, समोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि म्हटलं, ‘जुन्या गोष्टी सांग.’ तिने पदर सारखा केला आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशी भात झोडायचं खळं करायला घेतलं. पावसाने उखडलेलं अंगण, त्यावर माती घालायची, चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायचं. चोपणं माझ्या हातात आलं आणि तिचं तोंड सुटलं. कुठल्या वर्षी उडवी, म्हणजे भाऱ्यांची रास भिजून भाताला मोड आले, आजोबांची गिरणीतली मनीऑर्डर कुठल्या महिन्यात आलीच नाही, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही. हे सगळं जमिनीकडे बघत. माझ्याकडे बघत तिला ते सांगता आलं नसतं, असं मला अजून वाटतं.

तेव्हा समोर बसू नकोस, बाजूला बस. भारे उचलून दे, झोडलेला पेंढा बाजूला कर. सुपाला मात्र हात लावशील तर दाणे आणि पळंज (पोकळ दाणे) दोन्ही अंगणात जातील. जाऊ देत, तिला हसायला मिळेल. ‘राहू दे, उन्हात बसू नको’ असं ती तीनदा म्हणेल. ऐकू नकोस. मध्येच परतीचा पाऊस आला तर सगळं घर खळ्याकडे धावेल, तूही धाव.

कोजागरी जवळ असेल तर दाराला नवं बांधतील: भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचा तुरा, झेंडू. घराघरात यात थोडा फरक असतो. तुमच्याकडचं तिच्याकडून शिकून घे.

निघताना ती तांदळाची पिशवी देईल. ‘मुंबईत मिळतात’ असं चुकूनही म्हणू नकोस. आणि शिजवताना पाणी कमी घाल. नव्या तांदळाला नेहमीच्या मापाने पाणी घातलंस तर भाताचा गिचका होतो.